आधी वही, मग संस्था

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. बौद्धिक दिव्यांगत्वाचा ७५ टक्क्यांचा दाखला आहे. मार्चमध्ये अठरा पूर्ण होतील, मग विशेष शाळा संपली. रोज सकाळी सहाला किटली घेऊन एकटा डेअरीत दूध घालून येतो, पण पैशांचा व्यवहार कळत नाही. बँकेत गेले तर म्हणाले, अठरानंतर तुमची सही चालणार नाही, कोर्टातून पालकत्व आणा. ग्रामपंचायतीने ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनी, ब्लँकेट दिलं आणि फोटो काढला. शाळेत भेटणाऱ्या आम्ही आठ आया आहोत, त्यातल्या पाच आमच्याच गावच्या. माझे दीर म्हणतात, संस्था काढा, अनुदान मिळेल, मी अध्यक्ष होतो. मिस्टर साखर कारखान्यात आहेत, ते म्हणतात कशाला भानगड. संस्था काढू का? पालकत्व कसं घ्यायचं? आणि आमच्यामागे याचं कोण बघणार?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई, संस्था आत्ता काढू नका.

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात माणसं लागतात आणि तुम्ही आठ जणी आहात, म्हणून ते सोपं वाटतं. नोंदणी होतेही. खरं काम त्यानंतर सुरू होतं. महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते. म्हणजे दरवर्षी लेखापरीक्षण आलं, आणि कार्यकारिणीतलं एक माणूस बदललं तरी ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज आला. हा अर्ज राहून जातो. कुणी सोडून जातं, कुणी वारतं, कागदावर जुनीच नावं राहतात, आणि एक दिवस बँक विचारते की सह्यांचा अधिकार नक्की कुणाला. तिथे खातं अडकतं. अनुदानाचं म्हणाल तर नोंदणीचा कागद दाखवला की पैसे सुरू, असं कुठेच होत नाही. आधी काही वर्षांचं काम आणि हिशेब दाखवावा लागतो. तुमच्या दिरांचा हेतू चांगला असेल, आम्ही शंका घेत नाही. पण अध्यक्ष कोण हा प्रश्न पहिल्या बैठकीत आला की मुलांचा प्रश्न तिसऱ्या बैठकीवर जातो.

त्याऐवजी एक दोनशे पानी लांब वही आणा. महिन्यातला एक दिवस ठरवा, समजा पहिला रविवार, अकरा ते एक. जागा शाळेचा व्हरांडा किंवा समाजमंदिर. घरं टाळा, कारण घरी बैठक म्हटलं की ज्या बाईच्या घरी असेल ती चहात अडकते. मुलं बरोबर आणायची. वहीत प्रत्येक मुलाला चार पानं द्या : आधारवरचं नाव आणि जन्मतारीख जशीच्या तशी, दिव्यांगत्वाचा प्रकार, यूडीआयडी (केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) क्रमांक, दाखल्याची मुदत, चालू औषधं. एवढं लिहायला बसलात की पहिल्याच दिवशी घोटाळे निघतील. एकाच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव वेगळं असेल, एकीचं पंधराव्या वर्षाचं आधारचं बायोमेट्रिक राहिलेलं असेल. पोरगं डोळे स्थिर ठेवत नाही म्हणून केंद्रावरून परत पाठवतात. अशा व्यक्तींसाठी बायोमेट्रिक अपवादाची सोय आहे, ती मागा. अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक याच बारीकसारीक कारणांनी, आणि ही दुरुस्ती आठ जणींनी मिळून केली तर आठ चकरांच्या जागी दोन चकरा होतात.

तुमच्या मुलाच्या दाखल्याची मुदत आज बघा. लहानपणी दिलेले दाखले मुदतीचे असतात, अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होऊन कायमचा मिळतो. जिल्हा रुग्णालयातल्या तपासणीत बुद्ध्यंकाबरोबर सामाजिक परिपक्वतेची चाचणी होते आणि तिथले प्रश्न तुम्हाला विचारले जातात. इथे आया दोन प्रकारे चुकतात. एक तर लाजेने म्हणतात, ‘सगळं करतो.’ नाहीतर टक्के वाढावेत म्हणून म्हणतात, ‘काहीच येत नाही.’ सौम्यला ५० टक्के मिळतात, मध्यमला ७५, तीव्रला ९०. बहुतेक योजनांचा उंबरठा ४० टक्क्यांचा आहे, त्यामुळे खोटं बोलून फारसं काही मिळत नाही आणि मुलाच्या खऱ्या गरजेची नोंद मात्र बिघडते. जसं घडतं तसं सांगा. ‘आंघोळ करतो’ आणि ‘बादली भरून दिली, साबण हातात दिला आणि दारात उभं राहिलं तर आंघोळ करतो’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. दुसरं उत्तर द्या.

आता पालकत्व. बँकेने कोर्टाचं नाव घेतलं ते अर्धवट माहितीवर. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्यात नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी ही समिती पालक नेमते आणि तिचं प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावं असं रिझर्व्ह बँकेनेच कळवलेलं आहे. म्हणून शाखेत वाद घालू नका. ‘नकार लेखी द्या’ एवढंच म्हणा. लेखी कुणी देत नाही, पण त्या वाक्याने बरीच दारं उघडतात. नाही उघडली तर बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

अर्ज नमुना ‘अ’ मध्ये असतो. तुम्ही आणि मिस्टर दोघांनी मिळून करा, एकट्याने नको. दोघं सहपालक असलात तर एकाच्या पश्चात पुन्हा सुरुवातीपासून सगळं करावं लागत नाही. सोबत दाखला किंवा यूडीआयडी, मुलाच्या वयाचा पुरावा, तुमचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो. भावंडं सज्ञान असतील तर त्यांचं संमतीपत्र आधीच जोडून टाका, पुढे विचारणा होतेच. कायद्याने समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. बैठक लांबते ती अर्ज कमी आहेत म्हणून. इथे तुमच्या आठ जणींचा उपयोग आहे. ज्यांची मुलं अठराच्या पुढे गेली आहेत त्यांचे अर्ज एकाच दिवशी दाखल करा आणि प्रत्येक अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

त्या अर्जात सगळेजण घाईने भरतात तो रकाना म्हणजे पालकत्व कशासाठी हवं. समितीला दोन गोष्टी तपासायच्या असतात : या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कोणत्या कामांसाठी. ‘सर्व कामांसाठी’ असं लिहू नका. बँक खातं चालवणं, शस्त्रक्रियेची संमती, पेन्शन व विम्याची कागदपत्रं, असं मोजून लिहा. जे तो स्वतः करू शकतो ते त्याच्याकडेच राहू द्या. आणि हेही माहीत असू द्या की पालक झालात की हिशेब मागे लागतो. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी नमुना ‘क’ मध्ये, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च द्यायचा. नावावर फक्त एक बचत खातं असलं तरी द्यायचा. पालकाने हेळसांड केली किंवा पैसे खाल्ले तर त्याला काढण्याचा अर्ज त्याच समितीकडे करता येतो. तुमच्यामागे कुणी नातेवाईक पालक झाला तर हा लगाम त्याच्यावरही राहील.

तुमचं पत्र आम्ही दोनदा वाचलं. त्यात दिरांचं मत आहे, मिस्टरांचं आहे, बँकेचं आहे. मुलाचं नाही. समितीपुढे त्यालाही विचारलं जाऊ शकतं, आणि न विचारलं तरी तुम्ही विचारायला हवं. फक्त विचारण्याची एक रीत आहे. ‘तुला डेअरीत काम करायला आवडेल ना?’ असं विचारलं तर तो ‘हो’ म्हणेल. ‘घरीच थांबायला आवडेल ना?’ याला पण ‘हो’च. आयुष्यभर ‘हो’ म्हटलं की लोक खूष होतात हे ही मुलं फार लवकर शिकतात. म्हणून दोन पर्याय द्या, शक्यतो दोन फोटो समोर ठेवून : ‘डेअरी की शाळेची कार्यशाळा?’ दहापर्यंत मनात आकडे मोजा, मधे बोलू नका. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा : ‘कार्यशाळा की डेअरी?’ दोन्ही वेळा त्याने शेवटचाच शब्द उच्चारला तर ते उत्तर नाही, तो प्रतिध्वनी आहे. दोन्ही वेळा डेअरी आली तर उत्तर मिळालं. चार-पाच दिवस करून बघा आणि वहीत तारखेसह लिहा. पुढे कुणी ‘याला काय कळतंय’ म्हणालं तर ते पान उघडून दाखवता येईल.

अठरा झाल्यावर त्याचं नाव मतदार यादीत घाला, अर्ज नमुना ६. पालकत्वाचं प्रमाणपत्र आहे म्हणून मताचा हक्क जात नाही. सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलेली व्यक्तीच अपात्र असते, आणि स्थानिक स्तर समिती म्हणजे न्यायालय नव्हे. ज्या घरात चार मतं आहेत त्या घराचं सरपंच वेगळ्या सुरात ऐकतात, हे गावात राहून तुम्हाला आम्ही काय सांगायचं.

तर ग्रामपंचायत. ब्लँकेट ही मेहेरबानी नव्हती. राज्यात प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. आधी हे प्रमाण ३ टक्के होतं. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार लिलाव वगैरे. वित्त आयोगाचा निधी यात धरत नाहीत. समजा तुमच्या गावाचं स्वउत्पन्न वर्षाला १२ लाख आहे, तर ६० हजार रुपये झाले. गावात ४० दिव्यांग असतील आणि मार्चअखेर ते वाटून टाकले तर दीड हजार रुपये हातात पडतात आणि पंधरवड्यात संपतात. बहुतेक गावांत हेच चालतं, कारण वाटप करणं सोपं आणि फोटोला बरं.

तुमची मागणी वेगळी असू द्या. महिन्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट किंवा वाचा-उपचार तज्ज्ञ समाजमंदिरात येईल, एका फेरीचं मानधन आणि प्रवास मिळून दीड हजार धरला तर २४ फेऱ्यांचे ३६ हजार होतात. उरलेले २४ हजार बाकीच्यांसाठी. सगळे ६० हजार मागू नका. ज्यांना दरवर्षी रोख मिळत होती ते अंध आजोबा आणि काठीवर चालणारे काका ग्रामसभेत तुमच्या विरोधात उभे राहतील, आणि त्यांचं चुकणारही नाही. आधी त्यांच्या घरी जाऊन बोला. थेरपिस्ट त्यांच्या गुडघ्यालाही चालतो. तुमच्यातल्या बाहेरगावच्या तिघींचा खर्च तुमची पंचायत करणार नाही. त्यांनी आपापल्या गावात याच मजकुराचा अर्ज द्यावा, तीन पंचायतींनी एकच माणूस वाटून घेतला तर त्याचंही येणं पक्कं होतं.

अर्ज डिसेंबरात द्या, कारण पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक हिवाळ्यातच आकार घेतं, आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय पत्रिकेवर घ्या म्हणून त्याच अर्जात लिहा. सभेत पाचही जणींनी जायचं, पण बोलायचं एकीनेच, दोन मिनिटं. मुलाला शेजारी बसवा. ठराव झाला तर इतिवृत्तात शब्द काय लिहिले ते सभा उठण्याआधी वाचून घ्या. ‘चर्चा झाली’ हा ठराव नव्हे. आणखी एक तपासा : पंचायतीच्या दिव्यांग नोंदवहीत तुमच्या पाच मुलांची नावं आहेत का. ही यादी डोळ्यांना दिसणाऱ्या व्यंगावरून बनते. हात-पाय धडधाकट असलेलं मूल तिच्यातून गळतं.

निधीच नाही असं उत्तर आलं तर माहिती अधिकार. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमात ही मर्यादा आहे आणि लांबलचक गाऱ्हाणं लिहिलं की अर्ज त्याच कारणाने परत येतो. ‘का खर्च केला नाही’ असं विचारू नका, कारणं देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. कागद मागा : गेल्या तीन आर्थिक वर्षांतलं स्वउत्पन्न, त्याच्या ५ टक्क्यांची रक्कम, बाबनिहाय खर्च, दिव्यांग नोंदवहीची प्रत. उत्तरासाठी ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टँप. आकडे हातात आले की गटविकास अधिकारी, आणि तिथेही अडलं तर पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. मात्र माहिती अधिकाराने सुरुवात करू नका. गावात तो अर्ज म्हणजे भांडण समजतात. साधा अर्ज आणि ग्रामसभा या दोन पायऱ्या आधी चढलेल्या असल्या की मग तो भांडण वाटत नाही.

निरामय विमा घेतला नसेल तर तोही कामाला लावा. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही. राष्ट्रीय न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत अर्ज होतो, म्हणजे तुमची स्वतःची संस्था असण्याची गरज इथेही नाही. मूळ बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा, पैसे नंतर परत मिळतात. नूतनीकरण ३१ मार्चच्या आत, नाहीतर संरक्षण तुटतं. हे आठवण करण्याचं काम आठांपैकी एकीकडे कायमचं सोपवा. मिस्टरांनी कारखान्याच्या पीएफ खात्यात कुटुंबाच्या तपशिलात मुलाचं नाव, दिव्यांगत्वाच्या उल्लेखासह, नोकरीत असतानाच घालून घ्यावं. कर्मचारी पेन्शन योजनेत पूर्ण आणि कायम अपंगत्व असलेल्या अपत्याला वयाची अट न ठेवता पेन्शनची तरतूद आहे. कारखान्याच्या कार्यालयात एक चक्कर आहे ती, एवढी भानगड त्यांनी करावी.

तुमच्यामागे कोण, याचं उत्तर एका माणसाचं नाव असू शकत नाही. शेती असेल तर सातबाऱ्यापासून बघा. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे आजार किंवा व्यंग हे वारसा नाकारण्याचं कारण होत नाही, म्हणजे तुमच्या मुलाचा हिस्सा त्याच्या भावंडांइतकाच. धोका असतो तो हक्कसोडपत्राचा. ‘त्याला काय करायची जमीन, आम्ही सांभाळतोच आहोत की’ असं म्हणत अंगठा घेतला जातो. मृत्युपत्र करून ठेवा, आणि त्यात सांभाळणारा एक आणि पैशांवर देखरेख ठेवणारा विश्वस्त दुसरा, असे दोन वेगळे लोक नेमा. दिरांना यातलं एक काम द्या, दोन्ही नको.

बाकीचं सरावाने होतं, आणि तो तुम्ही जिवंत असतानाच करायचा असतो. दोघी-दोघींच्या जोड्या पाडा. पहिल्या वेळी तुमचा मुलगा दुसरीच्या घरी दोन तास आणि तुम्ही शेजारच्या खोलीत. तिसऱ्या-चौथ्या वेळी तुम्ही बाजारात. मग एक रात्र. बरोबर एका पानाचा कागद जाऊ द्या : काय खातो, कशाला घाबरतो, दुखलं की कसं सांगतो (काही मुलं रडत नाहीत, नुसतं जेवण टाकतात), औषधाचं नाव, मात्रा, वेळ. फिट येत असेल तर ठळक लिहा : कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना.

आणि त्या कागदावर संपर्कासाठी पहिला नंबर नातेवाइकाचा लिहाल, दुसरा डेअरीच्या सचिवांचा लिहा. सकाळी सहाला किटली आली नाही तर गावात सगळ्यांत आधी त्यांनाच कळणार आहे. पुढच्या बैठकीला त्यांना बोलवा, आणि ‘आला नाही तर घरी फोन करा’ एवढंच काम त्यांच्याकडे मागा.